टोचन

टोइंग म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं, ते मला माहीत आहे. तुम्ही स्कूटर लावून पाच मिनिटांसाठी आत जाता, बाहेर येता, आणि जिथे स्कूटर होती तिथे फक्त तेलाचा एक ठिपका असतो. शेजारचा पानवाला न विचारता सांगतो, "उचलली. आत्ताच उचलली."

मी त्या टोइंगबद्दल लिहीत नाहीये. मला लिहायचंय ते जुन्या, साध्या टोइंगबद्दल, ज्यात काहीच उचललं जात नाही. बंद पडलेली गाडी स्वतःच्या चारही चाकांवर, दुसऱ्या गाडीच्या मागे, दोराने नाहीतर लोखंडी दांड्याने ओढली जाते. इंग्रजीत याला फ्लॅट टोइंग म्हणतात. आपल्या हायवेवर, ढाब्यांवर आणि गॅरेजांत याला एकच शब्द आहे: टोचन. 'टो चेन'चं ड्रायव्हर लोकांनी टोचन केलं असणार. "गाडी टोचन करून आणली" असं कुणी म्हणालं की पुढचं काही विचारावं लागत नाही. दिवस वाया गेला, पैसे गेले आणि घरच्यांची बोलणी खाल्ली, हे सगळं त्यात आलं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही आमची १९८३ सालची प्रीमियर पद्मिनी गावाहून वाईच्या गॅरेजपर्यंत अशी ओढत नेली. अंतर अकरा किलोमीटर. त्या अकरा किलोमीटरच्या तयारीसाठी मी दोन महिने टोइंगचा इतिहास वाचत बसले होते. तो वाचताना लक्षात आलं की शंभरएक वर्षांत या विषयातला खरा प्रश्न एकच राहिलाय, आणि तो मला बाबांनी १९९६ सालीच बोरघाटात विचारला होता.

* * *

एक्स्प्रेसवे तेव्हा नव्हता. मुंबई-पुणे म्हणजे जुना हायवे, आणि जुना हायवे म्हणजे घाट. दादरचं लग्न उरकून आम्ही पुण्याला परत निघालो होतो. पुढे काकाची जीप, मागे आमची फियाट. पद्मिनीला आमच्या घरात कुणीच कधी पद्मिनी म्हटलं नाही, ती फियाटच. शिंगरोबाच्या देवळापाशी काकाने सवयीने गाडी हळू केली, काकूने नाणं टाकलं, आणि त्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर आमच्या गाडीतून जळका वास यायला लागला. क्लच प्लेट गेली. इंजिन फिरतंय, गाडी जागची हलत नाही.

काकाच्या जीपमध्ये काथ्याचा जाड दोर होता. बाबांनी तो दुहेरी केला आणि गाडीखाली आडवं होऊन पुढच्या क्रॉस-मेंबरला बांधला. मी बंपरकडे बोट दाखवलं, तेव्हा म्हणाले, "बंपरला बांधलं तर काका फक्त बंपर घेऊन लोणावळ्याला जाईल." दोराच्या मधोमध लाल फडकं बांधलं. आई आणि काकू जीपमध्ये बसल्या. मी हट्ट करून बाबांच्या शेजारी बसले. मी दहा वर्षांची होते आणि मला ही मोठी गंमत वाटत होती.

घाट चढेपर्यंत काहीच अवघड नव्हतं. चढावर दोर आपोआप ताणलेला राहतो. बाबा एका लयीत स्टिअरिंग फिरवत होते आणि मला समजावून सांगत होते. "दोर ओढू शकतो, ढकलू शकत नाही. पुढच्याने ब्रेक मारला तर मागच्याला कोण थांबवणार?"

"काका?"

"काकाच्या पायाखाली त्याच्या गाडीचा ब्रेक आहे. आपला ब्रेक आपल्या पायाखाली. म्हणून मागच्या माणसाने सारखं पुढच्याकडे बघायचं. जरा हळू झाला की आपण अलगद ब्रेक दाबायचा. दोर ढिला पडू द्यायचा नाही."

खंडाळ्याच्या पुढे एके ठिकाणी रस्ता थोडा उतरतो. अंधार पडत आला होता. मी बाबांना काहीतरी विचारलं. काय विचारलं ते आता आठवत नाही, पण विचारलं हे पक्कं आठवतं, कारण त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात समोर काकाने ट्रकमुळे ब्रेक मारला. दोर ढिला पडला, रस्त्यावर लोळला आणि आमच्या पुढच्या चाकाखाली गेला. काकाला मागचं कळायचं कारण नव्हतं. ट्रक हलला, त्याने जीप उचलली. एक प्रचंड झटका बसला, जीपकडचा हूक निघाला आणि दोर उसळून आमच्या समोरच्या काचेवर आदळला.

कुणालाही लागलं नाही. काचेला डावीकडून उजवीकडे एक तडा गेला, एवढंच. बाबांनी गाडी कडेला थांबवली. काका अर्धा किलोमीटर पुढे जाऊन, मागे कुणी नाही हे पाहून परत आला. बाबा माझ्यावर ओरडले नाहीत, त्यामुळे मला जास्तच रडू आलं. पण त्यानंतर त्यांनी आयुष्यात कधीही दोराने गाडी ओढली नाही आणि कुणाला ओढूही दिली नाही.

* * *

मोटारगाडी आली तेव्हापासून ती बंद पडतेय, आणि बंद पडते तेव्हापासून कुणीतरी ती ओढतंय. सुरुवातीला घोडे ओढायचे. अमेरिकेत रस्त्याच्या कडेला खोळंबलेला मोटारवाला दिसला की जाणारे-येणारे ओरडायचे, "घोडा घे!" बैल, घोडे, शेजाऱ्याची गाडी, जे मिळेल ते. यंत्र हवं असं कुणाला वाटलं नव्हतं.

यंत्राची गोष्ट १९१६ सालची, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा शहरातली. तिथे अर्नेस्ट होम्स नावाचा गॅरेजवाला होता. त्याच्या ओळखीच्या एका माणसाची गाडी ओढ्यात उलटली. ती काढायला होम्सने पाच-सहा माणसं, ठोकळे आणि दोर असं सगळं वापरलं, आणि तरी अख्खा दिवस गेला. वैतागलेल्या माणसाने मग १९१३ सालच्या एका कॅडिलॅकवर तीन खांब, कप्पी आणि साखळी बसवली. पहिला प्रयोग नीट जमला नाही, कारण भार आला की ओढणारी गाडीच डगमगायची. मग त्याने दोन्ही बाजूंना टेकू देणारे पाय लावले. हा जगातला पहिला टो ट्रक मानला जातो. होम्सने पेटंट घेतलं, कारखाना काढला, आणि पुढे दुसऱ्या महायुद्धात त्याच्या क्रेन दोस्तसैन्याच्या ट्रकांवर चढल्या. चॅटनूगात १९९५ पासून या विषयाचं एक संग्रहालयही आहे.

टोइंगचा इतिहास सांगणारे बहुतेक लोक इथेच थांबतात, कारण क्रेन दिसायला भव्य असते. पण होम्सने उचलण्याचा प्रश्न सोडवला होता. ज्या गाडीला काही झालेलं नाही, जिला फक्त इकडून तिकडे न्यायचंय, तिला उचलायची गरजच नव्हती. तिला हवा होता एक दांडा.

टो बार ही वस्तू इतकी साधी आहे की तिला शोध म्हणायला संकोच वाटतो. इंग्रजी 'ए' या अक्षराच्या आकाराचा लोखंडी सांगाडा. दोन पाय मागच्या गाडीच्या पुढच्या भागाला घट्ट, टोक पुढच्या गाडीच्या मागे एका गोळ्यावर किंवा पिनेवर. त्रिकोण असल्यामुळे तो डावीकडे-उजवीकडे कलंडत नाही. मागच्या गाडीची पुढची चाकं मोकळी सोडली की ती आपोआप ओढीच्या दिशेने वळतात, मॉलमधल्या ट्रॉलीची चाकं वळतात तशी. आणि दोराला जे जमत नाही ते दांड्याला जमतं: तो ओढतो आणि थोपवतोही. पुढच्याने ब्रेक मारला तर मागची गाडी त्याच्यावर येऊन आदळत नाही, दांडा तिला अंतरावर ठेवतो.

म्हणजे मागे माणूस बसवायची गरज संपली. एका ड्रायव्हरच्या पगारात दोन गाड्या. व्यापाऱ्यांच्या हे लक्षात यायला वेळ लागला नाही.

* * *

१९३०च्या दशकात अमेरिकेत मंदी होती. पूर्वेकडे आणि मध्य भागात गाड्या स्वस्त मिळायच्या, कॅलिफोर्नियात चढ्या भावाने विकल्या जायच्या. मग व्यापारी तिकडे गाड्या घ्यायचे, दोन-दोन गाड्या दांड्याने जोडायचे आणि प्रत्येक जोडीवर एक ड्रायव्हर बसवून वाळवंट पार करायचे. रस्त्यावरून अशा गाड्यांचे तांडेच्या तांडे जायचे. त्यांना नावही 'कॅराव्हॅन' असंच पडलं. ड्रायव्हर बरेचदा पश्चिमेला फुकट जायला मिळतंय म्हणून चढलेले, त्या रस्त्यावर पहिल्यांदाच येणारे.

मधल्या राज्यांना हे खुपायला लागलं. न्यू मेक्सिको राज्याने १९३५ साली विक्रीसाठी चाललेल्या गाड्यांवर कर बसवला: स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या गाडीला साडेसात डॉलर, दुसऱ्या गाडीने ओढल्या जाणाऱ्या गाडीला पाच डॉलर. मॉर्फ नावाचा एक व्यापारी याविरुद्ध थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९३६ साली हरला. कॅलिफोर्नियाने पंधरा डॉलर लावले होते. त्याविरुद्धही तो लढला, आणि १९३७ साली जिंकला. कॅलिफोर्नियाने लगेच नवा कायदा केला. तोही न्यायालयात गेला आणि १९३९ साली टिकला.

मी हे निकाल वाचायला घेतले ते कंटाळा येणार असं धरूनच. पण त्यात राज्यांचं म्हणणं काय होतं, तर अशा जोडगाड्यांनी रस्त्याला जास्त धोका होतो, त्या घसरतात, डुलतात, त्यांच्यावर पोलिसांना जास्त लक्ष ठेवावं लागतं. थोडक्यात, एका माणसाच्या हातात दोन गाड्या आहेत आणि मागचीवर त्याचा पुरता ताबा नाही. काळ्या झग्यातली ती मोठमोठी माणसं बाबांच्याच प्रश्नाभोवती फिरत होती. पुढच्याने ब्रेक मारला तर मागच्याला कोण थांबवणार?

दांड्याचं उत्तर होतं: पुढचाच. पण हे उत्तर अर्धं आहे. पुढच्या गाडीचे ब्रेक तिच्या स्वतःच्या वजनासाठी बनवलेले असतात. मागे तेवढंच वजन लावलं की थांबायला लागणारं अंतर वाढतं. उतारावर तर मागची गाडी पुढचीला ढकलत नेते. दांड्याने दोराचा झटका घालवला. वजन तिथेच राहिलं.

* * *

युद्धानंतर या दांड्याला त्याची लाडकी गाडी मिळाली: फोक्सवागन बीटल. तीच आपली कासवासारखी. जर्मनीत १९४५च्या अखेरीस ब्रिटिश सैन्याच्या देखरेखीखाली तिचं नियमित उत्पादन सुरू झालं, १९४९ साली ती अमेरिकेत पोचली. तिचं वजन आठशे किलोच्या आसपास. तिच्या पुढच्या अॅक्सलला आडव्या दोन जाड नळ्या असतात, एकीवर एक. टो बारचे दोन पाय त्या नळ्यांवर शिकंजे आवळून बसवायचे, की काम झालं. छिद्र पाडायला नको, वेल्डिंग नको.

दुसरं कारण गाडीच्या पोटात होतं. बहुतेक जुन्या गाड्यांत, मागची चाकं इंजिनावर चालणारी असली की, गिअरबॉक्स पुढे आणि डिफरन्शियल मागे असतो. मधे लांबलचक प्रॉपेलर शाफ्ट. गाडी न्यूट्रलमध्ये ओढली की चाकांमुळे शाफ्ट फिरतो आणि गिअरबॉक्सचा मागचा भागही फिरतो. पण तेल उडवणारा खालचा शाफ्ट इंजिनाकडून फिरत असल्यामुळे तो स्थिर राहतो. म्हणजे आतले भाग कोरडे फिरतात. दहा-पंधरा किलोमीटरला काही होत नाही, दोनशे किलोमीटरला होतं. बीटलचं इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल सगळं मागेच, आणि शेवटच्या दोघांचं तेल एकच. चाकं फिरली की मोठं चक्र फिरतं आणि तेल उडत राहतं. त्यामुळे बीटल शेकडो मैल ओढली तरी कुरकुरत नाही.

१९६०च्या दशकात अमेरिकेत घराएवढ्या मोटारी आल्या. विनेबेगो या कंपनीने १९६६ साली मोटरहोम बनवायला सुरुवात केली आणि निवृत्त जोडपी चाकांवरचं घर घेऊन देश फिरायला लागली. पण घर घेऊन दूध आणायला जाता येत नाही. मग घरामागे दांड्याने एक छोटी गाडी. तिला दोन नावं पडली. एक 'टोड', म्हणजे बेडूक, कारण इंग्रजीत ओढलेली या अर्थाचा शब्द आणि बेडूक यांचा उच्चार सारखाच. दुसरं नाव 'डिंगी'. मोठ्या जहाजामागे बांधलेली छोटी होडी. हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच उचलला, हिंदी-बंगालीतल्या डिंगी या होडीवरून. गंगेच्या मुखावरचा शब्द ब्रिटिश जहाजांवर चढला आणि शेवटी अॅरिझोनाच्या वाळवंटात, घरामागे चाललेल्या रिकाम्या मोटारीला जाऊन चिकटला.

त्या रिकाम्या मोटारीत ब्रेकचा प्रश्न मात्र तसाच होता. अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या बऱ्याच ठिकाणच्या कायद्यांनी ठरावीक वजनापुढच्या ओढलेल्या गाडीला स्वतःचा ब्रेक हवा असं सांगितलं. ब्रिटनमध्येही अशा गाडीला ट्रेलर धरलं जातं, आणि ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक लागतो. मग लोकांनी काय केलं असेल? त्यांनी एक पेटी बनवली. ही पेटी मागच्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाजवळ ठेवायची. तिला एक दांडी असते, ती ब्रेकच्या पेडलला अडकवायची. पुढच्या घराने वेग कमी केला की पेटीला तो कळतो आणि दांडी पेडल दाबते.

या पेटीचा व्हिडिओ मी तीन वेळा पाहिला. रिकामी सीट, रिकामं स्टिअरिंग, आणि खाली एक यंत्र अलगद ब्रेक दाबतंय. दांड्याने ज्या माणसाला गाडीतून खाली उतरवलं होतं, त्याचा फक्त पाय त्यांनी परत आणून बसवला होता.

* * *

आपल्याकडे गोष्ट वेगळी झाली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला, १९६४ पासून 'फियाट ११०० डिलाइट' निघायला लागली. तीच पुढे प्रेसिडेंट झाली आणि १९७४च्या सुमारास पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढे सलग बाकासारखी सीट. लायसन्स-परमिटच्या काळात नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची, मग मिळाली की ती मरेपर्यंत चालवायची. मरू लागली की दुरुस्त करायची. अशा देशात टोचन ही चैनीची नाही, रोजची गोष्ट होती. दांडा आपल्याकडे ट्रकवाल्यांनी वापरला. कारवाल्यांनी दोरावरच भागवलं.

कायदा मात्र स्पष्ट होता. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानंतर १९८९ साली रस्त्याच्या नियमांची एक यादी निघाली. तिच्यातला टोइंगचा नियम असा: बंद पडलेली गाडी ओढायची ती जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा पेट्रोल पंपापर्यंत. दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको. दोर किंवा साखळी इतरांना सहज दिसली पाहिजे. मागे पांढऱ्यावर काळ्या, किमान ७५ मिलिमीटर उंच इंग्रजी अक्षरांत 'ऑन टो' अशी पाटी हवी. वेग ताशी २४ किलोमीटरच्या आत.

हे २४ आणि ७५ आकडे विचित्र वाटतात ना? पंधरा मैल म्हणजे साधारण २४ किलोमीटर. तीन इंच म्हणजे साधारण ७५ मिलिमीटर. नियम मैलांच्या जमान्यातला असावा, फक्त कपडे बदलून आलेला.

पण त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं कलम दुसरंच आहे. पुढची चाकं उचललेली नसतील, तर ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या स्टिअरिंगवर लायसन्स असलेला माणूस बसलाच पाहिजे. दोर असो की दांडा. २०१७ साली नवे नियम आले, पण आमच्या घरात हाच नियम चालतो, कारण बाबांना तो पाठ आहे. अमेरिकेने मागची गाडी रिकामी केली आणि मग यंत्राचा पाय शोधला. आपल्या नियमाने माणूस उतरूच दिला नाही.

* * *

आमची फियाट लॉकडाउनमध्ये गावी गेली आणि तिथेच गोठ्याशेजारच्या शेडमध्ये बंद पडली. तीन वर्षं उभी. मधल्या काळात मुंबईत पद्मिनीचा शेवट झाला. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३पासून काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून कायमच्या गेल्या. योगायोग असा की जगातली शेवटची मूळ बीटलही २००३ सालीच, जुलैमध्ये, मेक्सिकोतल्या प्वेब्लाच्या कारखान्यातून बाहेर पडली. ती बातमी वाचून बाबा दिवसभर गप्प होते. संध्याकाळी म्हणाले, "आपली काढू या."

फ्लॅटबेड मागवायचा सरळ मार्ग होता. सपाट पाठीचा ट्रक येतो, गाडी वर चढवतो, घेऊन जातो. आताच्या बऱ्याच गाड्यांना तोच मार्ग बरा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो, इंजिन बंद ठेवून ओढली तर गिअरबॉक्स जळतो. इंजिन बंद असलं की ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो आणि पेडल दगड होतं, पॉवर स्टिअरिंगही जड होतं. आमच्या फियाटमध्ये यातलं काहीच नाही. बूस्टर नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, स्टिअरिंग लॉकही नाही. इंजिन चालू असो वा बंद, पायाने दाबलं तेवढाच ब्रेक लागतो. तिच्यात जे नाही, त्यामुळेच तिला ओढता येते. पण आमच्या वाडीपर्यंतच्या वळणावर तो लांब ट्रक वळणार नव्हता. शिवाय बाबांना ती चालत जायला हवी होती. "पाठीवर घालून न्यायला ती काय आजारी आहे?" म्हणाले. ती आजारीच होती, पण कोण बोलणार.

चुलतभावाचा ट्रॅक्टर होता. गावातल्या वेल्डिंगवाल्याने बाबांनी काढलेल्या चित्रावरून चौकोनी पाइपचा दांडा बनवला. दोन पाय क्रॉस-मेंबरला बोल्टने, टोक ट्रॉलीच्या हुकात पिनेने. दांडा जमिनीला समांतर राहील अशी उंची. खाली दोन साखळ्या एकमेकींना छेदून, म्हणजे पिन तुटलीच तर दांडा रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडेल. वाईहून मिस्त्री आला. त्याने अडकलेले ब्रेक मोकळे केले, नवं ब्रेक ऑइल घातलं, चाकांच्या बेअरिंगला ग्रीस भरलं, मागून प्रॉपेलर शाफ्ट सोडून तारेने वर बांधला. पुतणीने पुठ्ठ्यावर 'ऑन टो' रंगवलं आणि कंपासपेटीतल्या पट्टीने अक्षरं मोजली. ऐंशी मिलिमीटर.

सकाळी साडेसातला बाबा स्वेटर घालून ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

कुणीच काही बोलेना. त्यांचं लायसन्स २०२१ साली संपलं होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर नवं करायचं राहून गेलं आणि आम्हीही आठवण केली नव्हती, मुद्दामच. दादा ट्रॅक्टरवरून माझ्याकडे बघत होता.

मी खिडकीपाशी गेले. "बाबा, लायसन्सवाला माणूस लागतो."

"मला शिकवतेस?"

"तुम्हीच शिकवलंय."

ते थोडा वेळ समोर बघत राहिले. काच नवी आहे, पण ते जुन्या तड्याच्या जागीच बघत असावेत असं मला वाटलं. कदाचित मीच बघत होते. मग त्यांनी हातांनी सीटला रेटा दिला आणि सरकले. फियाटची पुढची सीट सलग असते, त्यामुळे उतरावं लागलं नाही. सरकून पलीकडे जाता आलं.

दादाने ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये टाकला. दांडा करकरला आणि तीन वर्षं उभी असलेली गाडी हलली. एका जागी उभं राहून चपटे झालेले टायर पहिला किलोमीटरभर धपधप करत होते, मग गोल झाले. इंजिन बंद असल्यामुळे आतून ती इतकी शांत होती की शाळेत जाणाऱ्या पोरांचं बोलणं ऐकू येत होतं. ऊसतोडीच्या बैलगाड्यांनी आम्हाला रस्ता दिला. त्यातल्या एकाने ओरडून विचारलं, "टोचन का?" बाबांनी खिडकीतून हात दाखवला, एखाद्या मिरवणुकीत दाखवावा तसा.

दांडा होता. दोर नव्हता. ढिलं पडायला काहीच नव्हतं. तरी पहिला उतार आला तशी माझी नजर ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरून हलेना. दादाने वेग कमी केला. मी अलगद पेडल दाबलं. ट्रॅक्टरला त्याची गरज होती की नाही, माहीत नाही. आठ-नऊशे किलो वजन त्याच्या पाठीवर जायच्या ऐवजी माझ्या पायात आलं, एवढं मला जाणवलं. दांडा करकरला नाही.

"हां," बाबा म्हणाले.

मला त्यांना १९९६बद्दल विचारायचं होतं. त्या रात्री मी त्यांना काय विचारलं होतं, ते त्यांना आठवतंय का. पण मी समोरच बघत राहिले. वाईचा पूल येईपर्यंत मान वळवली नाही.

फक्त एकदा, शेवटच्या उतारावर, नजरेच्या कोपऱ्यातून खाली दिसलं. त्यांच्या बाजूला पेडल नाही, नुसती रबरी मॅट. बाबांचा उजवा पाय त्या मॅटवर अलगद दाबत होता, माझ्या जरा आधी, प्रत्येक वेळी.